भाचीला काही न देण्याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय एकोणसाठ, धंदा रफूचा, राहणार लाँड्रीच्या मागची खोली, हे मृत्युपत्र स्वतः लिहीत आहे. कोणी माझा हात धरून ते लिहवून घेतलेले नाही. हात धरण्याजोगा राहिलेलाही नाही. उजवे मनगट सुजले आहे, म्हणून अक्षर वाकडे येईल. त्यावरून बुद्धी वाकडी झाली असा अर्थ कोणी काढू नये. मला आजचा वार कळतो, समोरची माणसे ओळखू येतात, आणि कोणाचे किती देणे आहे ते झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते.

याआधी मी मृत्युपत्र केले नाही, कारण नावावर काही नव्हते. आता कर्ज आहे.

कोर्टाबाहेर टेबल टाकून एक वकील बसतात. त्यांच्या काळ्या कोटाला कोपरावर भोक पडले, म्हणून ते माझ्याकडे आले. मी रफूचे पैसे घेतले नाहीत, त्यांनी सल्ल्याचे घेतले नाहीत. ते म्हणाले, "बाई, तुमच्यामागे जो तुमची वस्तू घेईल त्याच्या गळ्यात तुमचं देणंही पडेल, त्या वस्तूच्या किमतीएवढं. ज्यानं काहीच घेतलं नाही, त्याला काही लागू नाही."

मी विचारले, "आणि साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला?"

"त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असंच धरून चला."

या दोन उत्तरांवर हे मृत्युपत्र उभे आहे. त्याचा हेतू एकच: माझ्या भाचीला माझ्यामागे छदामही मिळू नये.

कलम एक. माणसे

माझी थोरली बहीण वारली तेव्हा तिची मुलगी शाळेत होती. मुलीच्या बापाने दुसरा संसार मांडला. मुलगी माझ्याकडे आली. मी तिला वाढवले असे लोक म्हणतात. पाणी ती भरत होती, बाजार ती करत होती, वरच्या फळीवरचे डबे ती काढत होती. मी बसून होते. आता ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते आणि संध्याकाळी माझ्याकडे येते. तिला नर्सिंग करायचे आहे. पुढच्या वर्षी करते म्हणते. असे ती दर वर्षी म्हणते.

मला एक धाकटा भाऊही आहे. त्याच्याबद्दल पुढे.

नवरा नाही. एकदा एक स्थळ आले होते. मुलाच्या आईने मला चालून दाखवायला सांगितले. मी चालून दाखवले. त्या माणसांनी चहा संपवला, हे मात्र त्यांच्या बाजूने नोंदवते.

कलम दोन. देणी

मिळकतीआधी देणी लिहिते, कारण ती जास्त आहेत.

लहानपणी ताप आला आणि माझा उजवा पाय वाळला. तो डाव्यापेक्षा आखूड आहे. त्याला लोखंडी पट्ट्यांचा साचा आणि काखेत कुबडी, असे आयुष्य गेले. पायाचे काम हाताने केले आणि पोटाचे कामही हातानेच केले. शेवटी मनगट बोलू लागले. डॉक्टर म्हणाले, "कुबडी सोडा."

"मग चालू कशानं?"

"चालायचं नाही. बॅटरीवर चालणारी खुर्ची येते, ती घ्या."

"ती कशानं घेऊ?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

लंगडेपण महाग असते. बसची पायरी उंच, म्हणून रिक्षा. जिना चढवत नाही, म्हणून तळमजला; तळमजल्याचे भाडे जास्त. दोन पाय दोन मापांचे, म्हणून एकदा चालायला बूट घ्यायचे तर दोन जोड घ्यायचे. धडधाकट माणसाने उधार मागितले तर लोक म्हणतात, अडचणीत आहे बिचारा. मी मागितले की म्हणतात, हिला द्यायचे म्हणजे दानच. दान करायची ऐपत नसली की नाही म्हणतात.

तरीही ज्यांनी दिले ते असे:

(अ) लाँड्रीचे मालक. यांच्याकडून उचल घेतली आहे. रफूच्या मजुरीतून ती कापून घेतात, पण दर हंगामात नवी उचल घ्यावी लागते, त्यामुळे आकडा तिथेच उभा आहे. गिऱ्हाइकाला रफू दिसला तर मालक माझे पैसे कापतात. दिसला नाही तर म्हणतात, एवढंसंच तर काम होतं. ही तक्रार मी त्यांना तोंडावर सांगितलेली आहे. येथे फक्त लेखी करते.

(आ) कोपऱ्यावरचे किराणा दुकान. दुकानदाराने मला कधी चारचौघांत आठवण करून दिली नाही. त्याच्या बायकोने दिली.

(इ) हप्त्याची कंपनी. खुर्ची हिच्या कर्जावर घेतली. अर्ज करताना तिथल्या साहेबांनी विचारले, "फेडणार कशानं?" मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्यांनी ते पाहून व्याज ठरवले.

ही तीन देणी मी कशी सांभाळली ते लिहिते, म्हणजे मी उधळी होते असे कोणी म्हणणार नाही. रफूला बाहेरचा धागा चालत नाही. रंग जुळला तरी झळाळी जुळत नाही. म्हणून त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागा ओढून काढायचा आणि भोकावर उभा-आडवा विणायचा. पैशांचेही मी असेच केले. मालकांच्या उचलीतून दुकानदाराला गप्प केले, दुकानाच्या उधारीवर महिना काढला आणि मजुरी हप्त्यात घातली. कपड्याची दुमड संपली की गिऱ्हाइकाला सांगता येते, आता याचे काही होणार नाही. कंपनीला तसे सांगून पाहिले.

कंपनीचा वसुलीचा माणूस येऊ लागला. भाची आणि मी त्याला जावई म्हणत असू. न बोलावता येणार, एकच खुर्ची असेल तर तीत बसणार, चहा द्यावाच लागणार.

"काय मावशी, बरं आहे ना?"

"बरं असतं तर तू आला असतास का?"

"साखर जरा कमी घाला. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग हप्ताही जरा कमी घे. माझ्याही डॉक्टरांनी सांगितलंय."

तो हसला. चहा पिऊन झाल्यावर त्याने माझ्या खुर्चीची बॅटरी सोडवली आणि पिशवीत घालून नेली. अख्खी खुर्ची नेण्याचा त्याला अधिकार होता, असे तो जाताना म्हणाला. त्या आठवड्यात भाचीने मला मनगटाच्या तपासणीसाठी दवाखान्यापर्यंत ढकलत नेले. रस्ता चढाचा आहे. 

त्यानंतर थोड्याच दिवसांत जावयाने बॅटरी स्वतः आणून बसवली. तेव्हापासून, म्हणजे सुमारे दीड वर्ष, त्याने तगादा लावलेला नाही. कंपनीने सवलत दिली आहे, जमेल तेवढे भरा असे म्हणाले, असे भाचीने येऊन सांगितले. जे जमते ते मी तिच्या हाती देते आणि ती भरते. या माणसाच्या ठिकाणी माणुसकी आहे हे मला उशिरा कळले. त्याची पँट कधी फाटली तर लाँड्रीने ती फुकट रफू करून द्यावी आणि मजुरी माझ्या खात्यावर लिहावी, अशी माझी इच्छा आहे.

कलम तीन. मिळकत

सुया, बारीक व मध्यम. उजेडाच्या बाजूला बसवलेले भिंग, स्टँडसह. कापड ताणायचा लाकडी गोळा. त्याला माझ्या अंगठ्याचा खड्डा पडला आहे, दुसऱ्याच्या अंगठ्याला तो बसेलच असे नाही. धाग्यांची पेटी. एक पलंग, एक कपाट, एक स्टोव्ह, खोलीची अनामत रक्कम. बॅटरीची खुर्ची.

बूट. पलंगाखाली खोक्यांत आहेत. प्रत्येक खेपेला दोन जोडांतला एक-एक मी वापरला आणि एक-एक उरला. उरलेले सगळे कोरे आहेत. डावे लहान, उजवे मोठे. ज्या व्यक्तीचे पाय माझ्या बरोबर उलटे असतील तिला ते द्यावेत. अशी व्यक्ती मला आयुष्यात भेटली नाही. एकदा दवाखान्याच्या रांगेत एक बाई दिसल्या होत्या, पण बूट आहेत का म्हणून एकदम कसे विचारणार?

कलम चार. भाऊ

वरील सर्व मिळकत, बूट वगळून, मी माझ्या धाकट्या भावाला देत आहे.

वडिलांचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. वडील गेल्यावर भावाने हक्कसोडीचा कागद केला. मला वर जाता येत नव्हते, म्हणून कागद आणि भाऊ खाली आले. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. तो म्हणाला, "ताई, तुला घर घेऊन करायचंय काय? तुला तर वर चढताच येत नाही."

 घरात राहता आले नसते, पण भाड्याने देता आले असते, हे सुचले ते सही करून परत येताना, रिक्षात. रिक्षाचे पैसे मीच दिले.

तो म्हणाला होता, तुला कधी काही कमी पडू देणार नाही. त्याने शब्द पाळला. कमी पडले तेव्हा तो पाहायलाही आला नाही, त्यामुळे त्याने ते पडू दिले असे म्हणता येत नाही.

मोफत मिळालेली वस्तू त्याने आजवर नाकारलेली नाही. हीही नाकारणार नाही. तो खुर्ची घेईल, अनामत घेईल, आणि त्यासोबत माझी देणी त्याच्या गळ्यात पडतील. मग जावई तिसरा मजला चढून त्याच्याकडे जाईल. साखर कमी घालावी.

वकील म्हणाले, "हे सूडाचं दिसतंय." मी म्हटले, दिसू दे.

कलम पाच. भाची

कच्च्या मसुद्यात मी लिहिले होते, "भाचीला माझे काहीही देणे नाही." वकिलांनी त्याखाली रेघ मारली. "यातून तुम्ही तिचं काही देणं लागत नाही, असाही अर्थ निघतो," म्हणाले.

"तसा तर अर्थ नाही."

"मग नीट लिहा."

नीट लिहिते. माझ्या मिळकतीतून माझ्या भाचीला काहीही देऊ नये. आठवण म्हणून मागितले तरी देऊ नये. भिंग देऊ नये, सुई देऊ नये, गोळा तर मुळीच देऊ नये. त्याच्यावर तिचा लहानपणापासून डोळा आहे. मी गेल्यावर तिने या खोलीत येऊन आवराआवर करू नये. उंबरठ्याच्या आत पाऊल ठेवून एखादा डबा उचलला तरी माझे देणे उचलले असे कोणी म्हणेल. मला नेणाऱ्या गाडीचे पैसे तिने देऊ नयेत. बेवारस माणसांना नेणारी पालिकेची गाडी फुकट येते, आणि माझी त्याला हरकत नाही.

तिने नर्सिंगचा फॉर्म भरावा.

हे ती विसरू नये आणि कोणी तिला फशी पाडू नये, म्हणून तिलाच मी साक्षीदार नेमले आहे. एकदा तिची सही झाली की तिचा काही संबंध राहणार नाही. माझ्या हातून तिच्यासाठी याहून मोठे काही होण्यासारखे नाही.

पुढील मजकूर वरील मजकूर वाचून दाखवल्यानंतर लिहिला आहे

आज लाँड्री बंद आहे. लाँड्रीतले इस्त्रीवाले काका आणि भाची, दोघे साक्षीदार, समोर बसले आहेत. मी येथवर सगळे मोठ्याने वाचले. काका भावाच्या कलमावर खूश झाले. भाची माझ्या पायांकडे पाहत ऐकत होती. जावयाच्या माणुसकीचे वाक्य आले तेव्हाच ती हसली होती. ते हसू बरे नव्हते. वाचून संपल्यावर ती म्हणाली, "मावशी, ते जावयाचं वाक्य काढ."

"का?"

"काढ म्हणते ना."

काका म्हणाले, "अगं, जाता जाता कौतुक करतीय बाई कुणाचं, करू दे की. तुझं काय जातंय?"

"माझंच जातंय, काका. दर महिन्याला."

मग तिने सांगितले. मला दवाखान्यात ढकलत नेले त्या आठवड्यात ती कंपनीत गेली. तिने स्वतःच्या नावावर कर्ज घेतले आणि माझे फेडून टाकले. कागद जावयानेच केले. बॅटरी परत द्यायची अट तिने घातली होती.

"मला व्याज कमी लावलं," ती म्हणाली. "धडधाकट म्हणून."

"आणि मी तुझ्या हाती देत होते ते?"

"तेही त्यातच भरलं. आणखी कुठे जाणार?"

"मग नर्सिंग?"

"पुढच्या वर्षी."

"विचारायचंस तरी मला."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मग मी काय केलं असतं? रोज ढकललं असतं?"

काका पाणी आणतो म्हणून उठले. आणले नाही. दाराशी जाऊन उभे राहिले.

म्हणजे ज्या देण्याची सावली तिच्यावर पडू नये म्हणून मी हे लिहायला बसले, ते दीड वर्षापूर्वीच तिचे झाले आहे. वारसा मेल्यावर मिळतो असे मी समजत होते. आणि कलम चार तसेच राहिले तर भावाला कर्जातून मोकळी झालेली खुर्ची मिळेल. खुर्ची त्याची, हप्ता हिचा.

सबब, पुढील बदल करीत आहे.

कलम चार रद्द. भावाला काही नाही. सूडसुद्धा नाही.

कलम दोन, पोटकलम (इ) मधील माणुसकीबद्दलचे वाक्य खोडले आहे. जावयाने पँटचे पैसे द्यावेत.

कलम दोनमध्ये पोटकलम (ई) वाढवले आहे: भाची. रक्कम विचारली. सांगत नाही. जागा मोकळी सोडली आहे.

उसने देणाऱ्याला धनको म्हणतात आणि घेणाऱ्याला ऋणको, असे शाळेत शिकवले होते. मला तेव्हा ती दोन भावंडांची लाडाची नावे वाटली होती.

माझ्यामागे माझी सर्व मिळकत विकावी आणि येईल त्यातून आधी पोटकलम (ई) चे देणे द्यावे. मालक व दुकानदार यांचे त्यानंतर. सगळ्याची काय किंमत येईल याचा अंदाज काका आणि मी आत्ता बसून काढला. खुर्चीची किंमत काकांनी जास्त धरली, मी ती कमी केली. मूळ कर्ज किती होते ते मला ठाऊक आहे; त्यावरून पाहता भाचीचेच पुरे फिटणार नाही. इतरांना काही पोहोचणार नाही. मनगट चालते तोवर मी मजुरीतून तिला देत राहीन. डॉक्टरांच्या मते हिवाळ्यानंतर ते सुई धरणार नाही.

भाची म्हणाली, "मी एक पैसा घेणार नाही."

"तू वारस म्हणून घेत नाहीयेस. तू धनको आहेस."

"म्हणजे मी तुझी कोणी नाही?"

"सांगितलं ना, धनको."

 मी लिहीत आहे, म्हणून मला वर पाहावे लागले नाही.

धनकोने साक्षीदार व्हावे की नाही, हे वकिलांना विचारायला हवे होते. आज ते टेबल टाकत नाहीत. दुसरा साक्षीदार मिळण्यासारखा नाही. मालक आणि दुकानदार हे वाचतील तर आपले देणे तिच्या मागे ढकलले म्हणून सही करणार नाहीत. मनगटाचे पाहता हे पुन्हा नव्याने लिहून काढणे मला जमेल असे वाटत नाही. म्हणून तीच सही करत आहे.

हे मी वाचले आहे, समजून लिहिले आहे, आणि यात कोणाला दुःख झाले असल्यास ते माझ्या शुद्धीवर असण्याला बाध आणत नाही.

ठिकाण: लाँड्रीच्या मागची खोली
दिनांक: अकराव्या महिन्यातला पहिला रविवार, दुपार

(सही)
मृत्युपत्र करणारी, रफूवाली

आमच्यासमोर सही केली:

साक्षीदार एक
(सही) इस्त्रीवाले

साक्षीदार दोन
(सही) भाची
भरून पावले.

टीप. साक्षीदार दोनच्या सहीखालचे दोन शब्द मी लिहायला सांगितलेले नाहीत. माझ्या हातून कागद ओढून घेऊन ते लिहिले आहेत. ती पावती समजू नये. देणे बाकी आहे.

(सही)